माशांवरून उतरवलेलं मीठ

मोठा मासा आडवा झाला होता. काचेला लागून, एका कुशीवर, एक डोळा वर माझ्याकडं, नि तोंड उघडझाप, उघडझाप, जसं काय पाण्यात असून त्याला पाणी मिळत नव्हतं. मी पोरीला कडेवरून खाली टाकली, टाकलीच म्हणते, ठेवली नाय, तिनं भोकाड पसरलं, आणि मी काचेवर बोटं वाजवीत बसले, ऊठ रे, ऊठ रे बाबा, असं नको करू, आमचं वाटोळं नको करू. दुसरे दोघं बारके मासे वाळूला पोट टेकून बसले होते, तेपण धापा टाकीत. भर वैशाखातली दुपार. सायेब नि बाईसायेब पुण्याला गेलेले, बाईसायेबांची आई आजारी म्हणून. आमचे हे तानशाच्या धरणाकडं पाइपाच्या कामावर. एवढ्या मोठ्या बंगल्यात मी, माझी तान्ही पोर आणि माझी सासू.

"आये! ओ आये! मासा चालला!"

सासू तांदूळ पाखडत होती मागच्या ओट्यावर. सूप घेऊनच आली. वाकून बघितलं.

"कुठं मेलाय? डोळा उघडा हाय बघ."

"आये, मासा मेला तरी डोळा उघडाच असतो!"

"व्हय की," ती बोलली, आणि तिच्या हातातलं सूप कलंडलं, तांदूळ फरशीभर. तवा मला कळलं की तीपण घाबरलीय.

आता तुमाला वाटंल एका माशासाठी एवढं काय. तर ते पहिलं सांगते, नायतर तुमाला माझी धडधड कळायची नाय.

आमी मुरबाडच्या अंगाची माणसं. डोंगराच्या पायथ्याला वाडी हाय आमची, जमीन नाय. भात कापून झालं, दिवाळी झाली की सगळी वाडी उठायची नि भट्टीवर जायची, विटा पाडायला. पाऊस तोंडावर आला की परत. माझं लग्न झालं तवापासून मीपण तशीच. तिसरीपर्यंत शाळा झालेली माझी, नाव लिहिता येतं, दुकानावरची पाटी अडखळत वाचते, पण चिखलाला कुठं वाचता यायला लागतं! मग पोर झाली. तिला घेऊन भट्टीवर गेले तर भट्टी पेटली नि तिच्या छातीत घरघर सुरू झाली. रात रात मांडीवर घेऊन बसायचे. तिचं पोट आत जायचं, बरगड्या दिसायच्या, आणि मी मोजत बसायचे की पुढला श्वास येतो का नाय. पावसाला वाडीवर आलो तवा ती बरी झाली. पण मी ह्यांना सांगितलं, मला पाहिजे तिकडं न्या, दगड फोडीन, भट्टीवर पोरीला नेणार नाय.

मग ह्यांना शहापुरात पाइपाच्या टोळीत काम लागलं, आणि तिथल्या एका सायेबांच्या बंगल्यावर मागची खोली मिळाली. मी धुणंभांडं करायचं, बाईसायेबांच्या हाताखाली राहायचं. खोलीला कौलं होती, भिंतीला चुना होता, धूर नव्हता. पोरीची छाती मोकळीच राहिली. त्या खोलीत मी पहिल्या राती झोपले नाय, नुसती तिचा श्वास ऐकत पडले होते. काय पण आवाज नव्हता. एवढं बरं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं.

आणि पुढल्या दिवशी बैठकीच्या खोलीत झाडू घेऊन गेले तर समोर समुद्र.

समुद्र आमी कोणी बघितलेला नव्हता. काचेची पेटी होती, आडवी, पोराच्या पाळण्याएवढी, खाली वाळू, मध्ये दगड, नि तीन मासे, पिवळे, अंगावर काळे पट्टे. एक मोठा, दोन बारके. विजेवरची एक डबी फुरफुर वारा सोडायची पाण्यात. पाणी मुंबईवरून यायचं. खरंच. काचेच्या मोठ्या बरण्या, वेताच्या टोपल्यांत बसवलेल्या, आगगाडीनं आसनगावला उतरायच्या नि तिथून बैलगाडीत. बाजारात लोक जाम हसायचे. पानवाला बोलायचा, "आपलं तानशाचं गोडं पाणी मुंबईला, नि मुंबईचं खारं पाणी शहापूरला. बरा सौदा केला सायेबांनी!"

पण हसणारेच संध्याकाळी मासे बघायला यायचे. पायरीवर चपला ठेवून, देवळात आल्यासारखे.

सायेबांनी पहिल्याच दिवशी मला शपथ घालायची तेवढी बाकी ठेवली. "हे बघ, दोन गोष्टी लक्षात ठेव. उन्हानं पेटीतलं पाणी उडून जातं, पण मीठ उडत नाही. ते मागे राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. खारं घालायचं नाही. कळलं?"

"कळलं सायेब." मिठाच्या पाण्याचं ताट उन्हात ठेवलं तर काय राहतं ते कोणाला नाय कळणार.

"आणि पेटीतलं खारं पाणी थेंबभरही बाहेर काढायचं नाही. ते मुंबईहून येतं."

भर घालायला त्यांनी एक जिन्नस केलेला. मोठी काचेची बाटली, उपडी, लाकडी घोड्यात अडकवलेली, तोंड खाली, पेटीतल्या पाण्याला नुसतं टेकलेलं. पाणी उतरलं नि बाटलीचं तोंड उघडं पडलं, की एक बुडबुडा आत चढायचा, डुबुक, आणि तेवढंच पाणी खाली यायचं. तोंड परत बुडालं की आपोआप बंद. कोणी बघायला नको, कोणी ओतायला नको. मी नुसती सकाळी बाटली काढायची, माशांसाठी वेगळ्या ठेवलेल्या कळशीतल्या गाळलेल्या पाण्यानं भरायची, तोंडावर तळवा दाबून उलटी करायची नि घोड्यात बसवायची. पहिल्यांदा केलं तवा निम्मं पाणी माझ्या अंगावर. बाईसायेब पोट धरून हसल्या.

ती बाटली बघून मला आमच्या गावच्या म्हादेवाची आठवण झाली. उन्हाळ्यात पिंडीवर भोकाचं मडकं टांगतात ना, थेंब थेंब गळत राहतं, त्याला आमी गळती म्हणतो. तर मी बाटलीलापण गळतीच म्हणायला लागले. एकदा काय झालं, बाटली बसवली नि बाहेर येऊन सायेबांना सांगितलं, "सायेब, पेटीला गळती लागली." सायेब दाढी करत होते. तोंडाला साबण, हातात वस्तरा, तसेच धावत आत. पेटीखाली वाकून बघतात, फरशी चाचपतात, "कुठे? कुठे गळतंय?" मी भिंतीला चिकटून उभी. बाईसायेबांनी मला विचारलं, मी बाटलीकडं बोट केलं, आणि त्या एवढ्या हसल्या की खुर्चीत बसल्या. मग त्या घरात सगळेच तिला गळती म्हणायला लागले. सायेबपण.

म्हादेवाची गळती आंधळी, गळतच राहते. ही डोळस होती. लागंल तेवढंच द्यायची. मी दुपारी पोरीला पाजत तिथंच फरशीवर बसायचे, गार असायची फरशी. पोर भूक लागली की ओढायची, पोट भरलं की सोडायची. आणि वर गळती, डुबुक. मध्येच गप. परत डुबुक. पोर दूध सोडून मान वळवून बघायची. मोठा मासा काचेशी यायचा नि पोरीच्या तोंडासमोर तोंड उघडझाप करायचा, पोर खिदळायची, तिच्या ओठांवरून दूध ओघळायचं. त्या दुपारी मला अजून आठवतात, कधी विळीवर बसले असते नि एकदम आठवतात. घरात एवढं शांत, आणि पोरीच्या छातीत काय पण आवाज नाय.

बाईसायेबांना मूलबाळ नव्हतं. मोठ्या माशाला त्या हातानं खाऊ घालायच्या, त्याच्याशी बोलायच्या. पुण्याला निघताना टांग्यात बसल्यावर मला जवळ बोलावलं. "मासे सांभाळ हो. मी यांना सांगितलंय, तू मासे नीट सांभाळलेस तर पावसाळ्यानंतरही तुम्हाला इथंच ठेवायचं. कायमचं."

कायमचं. म्हणजे दिवाळीनंतर भट्टी नाय. पुढल्या दिवाळीनंतरपण नाय. मी टांगा जाईपर्यंत मान हलवत उभी राहिले.

त्या नसताना मला पोरीला सांभाळून एवढं घर बघायला जमेना, म्हणून ह्यांनी भट्टीवरून सासूला आणलं. तिला दुसरं कोणी नाय, हे एकटेच. ती आली, तिनं पेटी बघितली, गळती बघितली, मी पाणी गाळताना बघितलं.

"वाडीत मागं राहिलेली म्हातारी माणसं झऱ्याला वाटी लावून बसल्यात वैशाखाची," ती बोलली, "नि हिकडं माशाला फडक्यातून गाळून पाणी! पुढल्या जन्मी मासा व्हायचं गो बाय, सायेबाच्या घरचा. कोळ्याच्या घरचा नाय."

पण दोन दिवसांत ती माशांच्या पिरमात पडली. सकाळी उठून पहिली तिकडं. मोठ्याला "भाऊराव" म्हणायची. "भाऊराव उठले का? भाऊराव आज फुगलेत का?" पोरीला मांडीवर घेऊन पेटीसमोर बसायची आणि कायबाय सांगत राहायची, माशांना का पोरीला ते तिलाच ठाऊक.

सायेब नसले तरी लोक बघायला यायचेच. आणि आलेला माणूस पहिला माशांना बघायचा, मग पोरीला. "काय गुबगुबीत झालीय!" झालं. सासू रोज दिवेलागणीला पोरीची दृष्ट काढायची. मूठभर खडेमीठ, पोरीवरून उतरवायची, नि चुलीत टाकायची. तडतडलं की बोलायची, "बघ, केवढी लागली होती!" ते मला ठाऊक होतं. मीच मिठाचं मडकं पुढं करायचे.

दुसरं मला ठाऊक नव्हतं.

आता परत त्या दुपारी या. मासा आडवा, तांदूळ फरशीभर, पोर रडतीय. कोणाला विचारू? शहापुरात समुद्र पाळलेला दुसरा कोण होता? मी वाऱ्याची डबी बघितली, चालू होती. पाणी बघितलं, नितळ. गळती बघितली, निम्मी भरलेली, बरोबर तोंड टेकून. सगळं जागच्या जागी नि मासा मरतोय. मी बोट बुडवून पेटीतलं पाणी चाटलं. एकदा आधी चाटलं होतं, नवीन होते तवा, बाईसायेबांच्या नकळत, समुद्र कसा लागतो म्हणून. ती चव जिभेवर होती माझ्या. पण हे तसं नव्हतं. हे कडू होतं. घसा ओढून घेतला.

मग कसं डोक्यात आलं ठाऊक नाय, मी गळती घोड्यातून काढली, उलटी केली, नि तिच्यातलं पाणी तोंडात घेतलं. आणि थुंकलं.

"आये! गळतीत मीठ हाय!"

सासू खाली बसून तांदूळ गोळा करत होती. वर बघितलं नाय.

"आये?"

"असंल."

"असंल म्हंजे? आये, गळतीत मीठ कसं गेलं?"

"गळतीत नाय टाकलं मी," ती बोलली. "कळशीत टाकते."

मला काय कळंना.

"अगो, येणारा माणूस पोरीला बघतो त्याच्या दुप्पट ह्यांना बघतो! टक लावून बघतो! पोरीची काढायची नि ह्यांची नाय? ह्यांना कोण हाय आईबाप? पोरीची काढून झाली की ह्यांच्यावरून उतरवते मी मूठभर. मिरच्या नाय घेत, डोळ्यांत जातील. नुसतं मीठ."

"मग चुलीत का नाय टाकलं?"

तिनं माझ्याकडं बघितलं, जसं काय मीच येडी.

"माशाचं मीठ चुलीत टाकल्यावर काय व्हतं? कालवण व्हतं! अपशकुन नाय का तो? म्हणून पाण्यात सोडते. पाण्यात विरघळलं की नजर विरघळली. आणि मीठ त्यांच्या घरचंच की. समुद्राची लेकरं, मिठानं काय व्हायचं त्यांना?"

मी हसू का रडू. रोज संध्याकाळी एक मूठ कळशीत. रोज सकाळी मी ती कळशी बाटलीत. आणि दिवसभर गळती, डुबुक, डुबुक, गुणाची बिचारी, लागंल तेवढंच, एक थेंब जास्त नाय, मीठ पाजत होती माशांना. नि आमी दोघी खाली बसून कौतुक करत होतो.

मी सांगितलं तिला, पाणी उडतं, मीठ उडत नाय. तिनं ऐकलं. तिच्या मुठीतले तांदूळ परत फरशीवर पडले. मग ती एकदम उठली.

"पिठाचा गोळा सोड."

"काय?"

"तांदळाच्या पिठाचा गोळा! कालवण खारट झालं की सोडतो ना? मीठ ओढून घेतो!"

"आये, ते कालवण नाय!"

पण मी तसं ओरडले नि गप झाले. कारण कालवण खारट झालं की दुसरं काय करतो आपण? थोडं काढतो नि पाणी वाढवतो. तेवढंच करायचं होतं. पण सायेबांचा शब्द, थेंबभर काढायचं नाय. काढलं नि तरी मासा मेला तर पाणीपण गेलं नि मासापण गेला, नि दोन्ही माझ्या हातानं. नाय काढलं तर आपोआप मेला असं तरी म्हणता येईल. मी तिथं तशी उभी राहिले, हातात तांब्या. सायेबांना कळवायचं तर पुण्याचा पत्ता कोणाला ठाऊक. मासा एकदा शेपूट हलवून परत पडला. आणि पोर रडता रडता खोकली. साधा खोकला, रडून रडून येतो तसला. पण मी तो ऐकला नि तांब्या पाण्यात घातला.

सांडलं नाय मी एक थेंब. घरात होतं नव्हतं ते भांडं आणलं, हंडा, परात, बाईसायेबांचं पितळी घंगाळ, सगळ्यात भरून ठेवत गेले. सासू विहिरीवर. त्या उन्हात, त्या वयात, रहाट ओढून ताजं पाणी आणायची, गाळायची, मी गळती भरायची. आणि मग बघा, गळतीनंच वाट दाखवली. मी एकदम घाई करून गोडं ओतणार होते, पण एक तांब्या खारं काढला की गळती बोलायची डुबुक, डुबुक, नि हळूहळू तेवढंच गोडं द्यायची, नि थांबायची. मी थांबायचे. मग परत एक तांब्या. ती मला घाईच करू देईना. अधूनमधून मी चाटून बघायचे, जीभ सोलवटली माझी.

पोर ओल्या फरशीवर बसली होती, रडणं विसरून. हात आपटीत होती पाण्यात. उन्हं उतरली, मी शंभरदा त्या माशाकडं बघून नजर काढून घेतली, आणि कधीतरी माझ्या मागून आवाज आला.

"बुबुक."

मी वळले. पोर गळतीकडं बघत होती. "बुबुक," ती परत बोलली. तोपर्यंत आई नाय, बाबा नाय, काय पण बोलली नव्हती. पहिला शब्द तो. सासू दारात घागर घेऊन उभी होती, ती तशीच खाली बसली नि पदर तोंडाला लावला.

दिवे लागले तवा मोठा मासा उभा झाला. थोडा तिरका, दारू प्यालेल्यासारखा, पण उभा. सकाळी दोघांतला एक बारका मेलेला मिळाला. त्याला सासूनं जास्वंदीच्या बुडाशी पुरला, आणि त्या दिवशी ती जेवली नाय.

सायेब नि बाईसायेब आले ते थोड्याच दिवसांत. दारातच थांबले. हंडा, परात, घंगाळ, ओळीनं भरलेलं, वर ताटं झाकलेली. सायेबांनी त्यांची काचेची कांडी काढली, खारटपणा मोजायची, ती नेहमी कपाटात कुलपात असायची. पेटीत सोडली, बघितलं. मग घंगाळात सोडली. कांडी वर उसळून उभी राहिली.

"मीठ?" ते बोलले. "मीठ कोणी घातलं?"

बाईसायेब पेटीशी उभ्या होत्या, मासे मोजत. मोजायला काय होतं, दोन.

सासू दाराआड, पोर तिच्या कडेवर. हे अंगणात, खाली मान.

"आमी," मी बोलले.

"आम्ही म्हणजे कोण?"

"आमी म्हंजे आमी, सायेब."

"तू? तुला मी सांगितलं होतं ना..."

"ती कशाला घालंल?" सासू पुढं आली. "तिला अक्कल हाय. मी घातलं. नजर उतरवली मी त्यांची. लोकं बघत होते."

सायेबांना हसू आलं असावं, त्यांनी मिशीवर हात नेला. ते मला बोलले की पाणी काढून ठेवलंस ते बरं केलंस, नाहीतर तिन्ही गेले असते. माझा जीव भांड्यात पडला. पण बाईसायेब हसल्या नाय. त्या बारक्या माशाची जागा बघत होत्या, दगडाच्या मागं तो बसायचा. मग हळू आवाजात बोलल्या, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तू राहा. तुझा नवरा, तुझी मुलगी, सगळे राहा. मी शब्द दिलाय. पण या बाईंना मी घरात ठेवू शकत नाही. आज मीठ घातलं, उद्या काय घालतील?"

"बाईसायेब," हे अंगणातून बोलले, "आयेला दुसरं कोण नाय. दिवाळीनंतर वाडी मोकळी असते. एकटी कशी राहंल ती? तिला मग परत टोळीबरोबर भट्टीवरच जावं लागंल, ह्या वयात."

"मग तुमचं तुम्ही ठरवा," बाईसायेब बोलल्या नि आत गेल्या.

खोलीत आलो. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मला कळलं ते काय विचारतायत. सगळेच जाऊ? मी एक शब्द बोलले असते तर त्यांनी त्या घडीला सामान बांधलं असतं, आईवर जीव त्यांचा. मी पोरीकडं बघितलं. ती सासूच्या मांडीवर झोपलेली, तोंड उघडं, आणि श्वास असा, जसा काय नव्हताच. मी ऐकत होते. ह्यांच्याकडं न बघता मी नुसती तो श्वास ऐकत होते.

सासूनंच गाठोडं बांधलं. "माझी भट्टी झालीय गो जन्माची," ती बोलली. "मला नवीन काय हाय तिथं? हिची नको व्हायला." पोरीवरून मीठ उतरवलं, चुलीत टाकलं, तडतडलं. मग बैठकीच्या दाराशी गेली, उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाय. तिथूनच पेटीकडं तोंड करून रिकामी मूठ फिरवली, तीनदा, आणि मूठ बाहेर अंगणात झाडली. रिकामीच. बाईसायेब आत खुर्चीत होत्या. त्यांनी बघितलं.

आता सायेबांची बदली झाली, मासे कुठं गेले ठाऊक नाय, पण नव्या सायेबांनी आमाला खोलीत ठेवलंय. पोर शाळेत जाते, छातीला कधी घरघर झाली नाय. तिच्या पाठीवर पोरगा झालाय, तो मांडीवर हाय आता. गळती बाईसायेब मला देऊन गेल्या. परातीत उपडी करून ठेवते मी, कोंबड्या पितात. पोरगा कोंबड्यांमागं रांगतो, गळती डुबुक करते, मला त्या दुपारी आठवतात, गार फरशी, पोरीच्या ओठावरचं दूध.

सासू दर साली दिवाळीच्या आधी येते. टोळीबरोबर भट्टीवर जायच्या आधी. यंदा खोकत आली. नवे सायेब काय बोलत नाय, मी हात धरून ओढते, तरी ती फाटकाच्या आत येत नाय. रस्त्यावर उभी राहून नातवंडांना बोलावते, कनवटीचं मीठ काढते, दोघांवरून उतरवते, नि रस्त्यावर टाकते. मग गाडी पकडायला जाते. ती गेली की मी फाटकात उभी राहून ते मिठाचे खडे बघते, धुळीत पांढरे.

पोर परवा बोलली, "आजी आत का नाय येत गो?" मी पोरग्याला कडेवर घेतलं नि आत वळले.

त्या दिवशी हे माझ्याकडं बघत होते नि मी पोरीचा श्वास ऐकत होते. सासूच्या मांडीवर का असंना, तुमची पोर असती, असा मोकळा श्वास घेत असती, आणि समोर गाठोडं बांधणारी तुमची सासू असती, तर तुमी काय केलं असतं?